पतंग, घार आणि गंगाखेडचं आभाळ

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की पोखर्णी नृसिंह स्टेशन मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना काळी जमीन दूरवर पसरत जाते. जानेवारीत कुठे तूर काढणीला आलेली असते, कुठे ज्वारी हुरड्यात असते, कापसाची शेवटची वेचणी चाललेली असते. मग गाडीचा आवाज एकदम पोकळ होतो. पूल आला. खाली गोदावरी. आमच्याकडे तिला गोदावरी कुणी म्हणत नाही. ‘गंगेवर गेलो होतो’, ‘गंगेला पाणी आलं’ असंच बोललं जातं. पूल ओलांडला की दक्षिण काठावर गंगाखेड.

तालुक्याचं गाव. संत जनाबाईंचं हे जन्मगाव म्हणून महाराष्ट्रभर ओळखलं जातं आणि नदीकाठी त्यांचं मंदिर आहे. घाटावर दशक्रियेला आलेली माणसं, कपडे धुणाऱ्या बाया, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आणि सायकलीवरून आलेली पोरं असं सगळं एकाच वेळी दिसतं. हे माझं माहेर. मुलांच्या शाळेला दोन-तीन दिवसांची जोडून सुटी मिळाली, तर संक्रांतीच्या सुमारास मी इकडे येते. मुलांना ओढ असते ती नानीच्या हातच्या भाकरीची आणि मामूंच्या गच्चीवरच्या पतंगांची.

१९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या काळाच्या खुणा आमच्या बोलीत अजून आहेत, पतंगाच्या शब्दांतही आहेत. कन्नी बांधणं, ढील देणं, पेच लढवणं, साध्या दोऱ्याला सद्दी म्हणणं हे सगळ्या आळ्यांत सारखंच चालतं. संक्रांत हिंदू शेजाऱ्यांचा सण. त्यांच्या घरून तिळगूळ येतो, आमच्या घरून ईदला शीरखुर्मा जातो. पण आभाळात गेलेल्या पतंगावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. कटून आलेला पतंग ज्या अंगणात पडेल, त्या अंगणातल्या पोराचा. हा कायदा सगळ्या गावाला मान्य आहे.

गच्चीवर दिवसभर बसलं की एक गोष्ट लक्षात येते. आपण पतंगाकडे पाहत असतो, पण त्याच पतंगाकडे आणखी कितीतरी डोळे लागलेले असतात.

पहिली दखल घेते ती शेजारची कोंबडी. पतंग खाली घसरत अंगणावर आला आणि त्याची सावली जमिनीवरून सरकली, की ती एक वेगळाच, लांब, घोगरा आवाज काढते आणि पिल्लं क्षणात बाजेखाली गडप होतात. तिच्या दृष्टीने वरून सरकणारी काळी आकृती म्हणजे घार. युरोपात कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन या दोन शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात पुठ्ठ्याचे पक्षी कापून ते कोंबड्या-बदकांच्या डोक्यावरून सरकवून पाहिले होते. आमच्या गल्लीतली कोंबडी तोच प्रयोग दर संक्रांतीला फुकटात करून दाखवते.

शेळीचं भय वेगळं. ती पतंगाला भीत नाही, पतंग तिला भितो. कागद आणि त्यावरची कणकेची खळ तिला आवडते. फाटका पतंग भिंतीवरून लोंबत असला तर ती दोन पायांवर उभी राहून तो ओढते आणि कामट्या तेवढ्या ठेवून बाकीचा फस्त करते. मुलांना याचं फार हसू येतं. पण कागदाबरोबर दोराही जातो, आणि तो दोरा सुती असणं आणि नायलॉनचा असणं यात शेळीच्या जीवन-मरणाचा फरक आहे. सुती दोरा कुजतो. नायलॉनचा गुंता जनावराच्या पोटात पचत नाही.

नदीच्या वाळवंटात पतंग उडवणाऱ्या मुलांची गाठ पडते टिटवीशी. वाळूत, दगडगोट्यांत तिचा वावर असतो. पतंग खाली आला की ती टिटिव टिटिव करत उठते, मुलांच्या डोक्यावर घिरट्या घालते आणि सगळा काठ जागा करते. विजेच्या तारेवर बसलेला कोतवाल तर आकाराने मुठीएवढा, पण धीट. मोठ्या पक्ष्याच्या पाठीमागे लागून त्याला हाकलणं हा त्याचा धर्मच, म्हणून कधीकधी तो पतंगालाही एक सूर मारून जातो. कागद हलत नाही, ओरडत नाही, हे कळलं की परत तारेवर.

आणि मग घार. घरात आम्ही तिला चील म्हणतो. ‘चील आयी, चील!’ असं ओरडत मुलं चकरी सोडून वर पाहू लागतात. सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा ती झाडावरच बसलेली दिसते. ऊन चढलं, जमीन तापली, की गरम हवा वर उठू लागते. त्या हवेवर पंख न हलवता ती गोल गोल फिरत वर जाते. नेमका तोच वेळ पतंगांचा. मुलांच्या पतंगाजवळून ती दोनदा फिरते, मान वाकडी करून पाहते आणि शेपटी किंचित तिरपी करून वळते. तिची दुभंगलेली शेपटी म्हणजे जणू सुकाणू.

ती इतकी जवळ का येते? एक कारण कुतूहल. दुसरं कारण घरटं. थंडीचे महिने हे तिच्या विणीचे दिवस. नदीकाठच्या पिंपळावर, चिंचेवर किंवा मोबाइलच्या मनोऱ्यावर तिचं काटक्यांचं घरटं असतं आणि त्या परिसरात आलेला प्रत्येक उडता आकार तिला तपासावाच लागतो. तिसरं कारण असं, की घार घरट्यात चिंध्या, कागद, दोरे, प्लास्टिक असं काहीबाही आणून अंथरते. स्पेनमधल्या दोन्याना या अभयारण्यात अभ्यासकांनी पाहिलं, की बळकट, चांगल्या जागा राखणाऱ्या घारी घरट्यात पांढऱ्या प्लास्टिकची सजावट जास्त करतात. तो इतर घारींना दिलेला इशारा असतो. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आमच्याकडची घारही झाडावर अडकलेला मांजा उचलून घरट्यात नेते आणि मग तोच मांजा पिल्लांच्या पायाला फास बनतो.

ज्वारीच्या शेतात हेच नातं माणसाने उपयोगात आणलं आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासूनचं, आणि ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ ही ज्वारीची वाणं आमच्या जिल्ह्याचं नाव घेऊन गावोगाव गेलेली. पण कणीस भरलं की थंडीत परदेशातून आलेल्या भोरड्यांचे थवे उतरतात. पूर्वी माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, डबा वाजवायचा. आता कुणी चमकणाऱ्या फिती बांधतं. काही देशांत शेतावर ससाण्याच्या आकाराचा पतंग उंच काठीला बांधून सोडतात आणि पाखरं खाली उतरत नाहीत. म्हणजे पतंगाला शिकारी पक्षी समजणारी फक्त आमची कोंबडी नाही.

या पाखरांची पहिली पद्धतशीर मोजदाद आमच्या जुन्या संस्थानात कुणी केली, हे मुलांना मी मुद्दाम सांगते. डॉ. सालिम अली. १८९६ साली मुंबईच्या एका बोहरा मुस्लिम कुटुंबात जन्मलेला हा माणूस. लहानपणी एअरगनने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कोणती चिमणी म्हणून विचारायला मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला, आणि त्या प्रश्नातून भारताचा सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ घडला. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. एका पडलेल्या पाखराकडे नीट पाहिलं, तर माणसाचं आयुष्य बदलू शकतं.

यंदा आम्हालाही एका पाखराकडे नीट पाहावं लागलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाकडच्या पिंपळावर कावळ्यांनी गोंधळ मांडला होता. एवढे कावळे एका जागी ओरडत असले, की काहीतरी अडकलेलं असतं हे आता गावाला कळतं. वर पाहिलं तर एक घार एका पंखाने लटकत होती. दुसरा पंख मध्येच फडफडायचा आणि थांबायचा. दोरा खालून दिसतच नव्हता. उन्हाची तिरीप पडली, तेव्हा हिरवट चमक दिसली. नायलॉनचा मांजा.

खाली जमलेल्यांत आमच्या मोहल्ल्यातली मुलं होती, घाटावर पूजेला आलेली माणसं होती, चहाच्या टपरीवाला होता. माझ्या भाईजाननी विजेच्या खांबावर चढण्याचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या तरुणाला फोन केला. तो शिडी घेऊन आला. जवळून तार जात असल्याने आधी तिचा प्रवाह बंद करवून घेतला. मगच तो वर चढला. त्याने दोरा ओढला नाही, फांदीकडून कापला. अम्मीची जुनी ओढणी खाली चौघांनी धरली होती. घार ओढणीत आली आणि त्याच कापडाने तिचं डोकं झाकल्याबरोबर शांत झाली. अंधार झाला की शिकारी पक्षी झटापट थांबवतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी पंख उलगडून दाखवला. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला एक पातळ कातडी ताणलेली असते आणि तिच्यात दोरीसारखी एक शीर असते. पंख ताठ राहतो तो तिच्या जोरावर. मांजा बरोबर तिथेच बसतो, कारण उडणाऱ्या पक्ष्याची तीच कडा पुढे असते. घारीची नजर फार तीक्ष्ण, पण उडताना ती खाली जमिनीवर लागलेली असते, आणि पारदर्शक बारीक दोरा आभाळाच्या उजेडात दिसत नाही. डॉक्टरांनी जखम शिवली. मग म्हणाले, ‘कातडी भरून येईल. पण शीर तुटली आहे. पुन्हा पूर्वीसारखं उडणं कठीण.’ दुपारी वनखात्याची माणसं खोक्यातून तिला घेऊन गेली.

माझा दहा वर्षांचा मुलगा संध्याकाळपर्यंत गच्चीवर गेला नाही. रात्री त्याने मामूंना विचारलं, ‘पतंग उडवणं गुनाह आहे का?’

घरात यावर दोन मतं होती. एक बुजुर्ग म्हणाले, पैशाची उधळपट्टी, दुसऱ्यांच्या अंगणात डोकावणं, पैजा लावणं, नमाजा चुकवणं, हे सगळं पतंगाबरोबर येतं, तेव्हा तो नकोच. भाईजानचं म्हणणं, या गोष्टी पतंगाच्या नाहीत, माणसाच्या आहेत. त्या वगळल्या तर मोकळ्या हवेतला हा खेळ मोबाइलपेक्षा बरा. दोघांचंही मी ऐकलं. पण मुलाचा प्रश्न पैशाचा नव्हता, घारीचा होता. आणि त्या प्रश्नाला आपल्या दीनमध्ये सरळ उत्तर आहे.

हजरत इब्न उमर (र.) एकदा काही तरुणांजवळून गेले. त्यांनी एक पक्षी बांधून त्यावर नेमबाजी चालवली होती. त्यांना पाहताच तरुण पांगले. तेव्हा त्यांनी सांगितलं, की जिवंत प्राण्याला निशाण बनवणाऱ्याचा पैगंबर (स.) यांनी धिक्कार केला आहे. हजरत इब्न मसऊद (र.) यांनी सांगितलेला प्रसंगही प्रसिद्ध आहे. प्रवासात काही सोबत्यांनी एका छोट्या पक्षिणीची दोन पिल्लं उचलली. ती व्याकूळ होऊन फडफडू लागली. पैगंबर (स.) यांनी विचारलं, हिला पिल्लांवरून कुणी दुखवलं, आणि पिल्लं परत ठेवायला लावली. पवित्र कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी यांना आपल्यासारख्याच उम्मती म्हटलं आहे. सूरह अल-मुल्क तर डोक्यावरच्या पक्ष्यांचे पसरणारे आणि मिटणारे पंख पाहायला सांगते. त्यांना रहमानच आधार देतो. ज्या पंखाला तो आधार देतो, तो आपल्या दोन तासांच्या खेळाने कापायचा?

पतंग उडवणारा पक्ष्यावर नेम धरत नाही, हे खरं. अजाणतेपणी झालं आणि जाणूनबुजून केलं, यात फरक आहे. पण नायलॉनचा मांजा कापतो हे आता कुणाला माहीत नाही? राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन किंवा कोणत्याही कृत्रिम धाग्याच्या, न कुजणाऱ्या मांज्यावर देशभर बंदी घातली. उत्पादन, साठा, विक्री, खरेदी, वापर, सगळ्यावर. या मांज्याने दुचाकीवरच्या माणसांचे गळे कापल्याच्या बातम्या दर जानेवारीत येतात. तरीही जो गुपचूप विकतो आणि जो गुपचूप घेतो, त्याला ‘मला ठाऊक नव्हतं’ असं म्हणता येणार नाही. म्हणून मुलाला सांगितलं, ‘पतंग उडव. पण दोरा असा घे, की त्याचा हिशेब द्यावा लागला तर मान खाली जाणार नाही.’

मग मी त्याला दिल्लीच्या दोन भावांची गोष्ट सांगितली. नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद. दिल्लीत घारी फार. मांस टाकून घारींना खिलवणं हा सदका मानण्याची तिथे जुनी रीत आहे. या भावांना तरुणपणी एक जखमी घार सापडली. मांसाहारी पक्षी म्हणून तिच्यावर उपचार होईनात. शरीरसौष्ठवाच्या व्यायामातून त्यांना स्नायूंची थोडी माहिती होती. त्या जोरावर ते स्वतःच शिकत गेले. साबणाची यंत्रं बनवण्याचा घरचा छोटा धंदा सांभाळत, वझिराबादच्या आपल्या घरातच त्यांनी हजारो घारी बऱ्या केल्या. त्यांच्यावर शौनक सेन यांनी ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट केला. २०२२ साली तो कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपट ठरला आणि पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. मुलाला ऑस्करचं काही वाटलं नाही. त्याने एवढंच विचारलं, ‘त्यांच्या सगळ्या घारी उडाल्या?’ ‘सगळ्या नाही,’ मी म्हणाले. ‘पण पुष्कळ उडाल्या.’

आमच्या मोहल्ल्यात तिसऱ्या दिवशी फजरनंतर काही मुलांनी लांब काठ्यांना आकडे बांधले. कल्पना भाईजानची. घाटाच्या रस्त्यापासून शाळेच्या कुंपणापर्यंत झाडांवरचा आणि जमिनीवरचा मांजा गोळा करायचा, विजेच्या तारांना मात्र हात लावायचा नाही. रस्त्यातली इजा देणारी वस्तू दूर करणं हा ईमानाचाच एक भाग आहे, हे मदरशात सगळ्यांनी पाठ केलेलं. पण त्याचा अर्थ काटा किंवा दगड एवढाच घ्यायचा, की पक्ष्यांचा रस्ताही त्यात धरायचा, हे त्या सकाळी ठरलं. पलीकडच्या आळीतली पोरंही आली. दोन तासांत गोणी अर्धी भरली. त्या गुंत्यात पिसं होती, एका बगळ्याचा वाळलेला पाय होता. मुलं तो पाय बराच वेळ पाहत राहिली. मग त्यांनी तो वाळूत पुरला.

आपल्या घरी पतंग उडणार असतील, तर माता-पित्यांनी काही गोष्टी आधीच ठरवून टाकाव्यात. दोरा सुती घ्यावा आणि दुकानात आपण स्वतः जावं. सकाळी लवकर आणि असरनंतर पतंग उतरवावा. या वेळांना बगळे, कावळे, पोपट थव्याने ये-जा करतात आणि मगरिबची तयारीही त्यात होते. दुपारी घार जवळ घिरट्या घालू लागली, तर पेच सोडून दोरा गुंडाळावा. दहा मिनिटांनी ती निघून जाते. घरटं असलेल्या झाडाजवळ पतंग उडवू नये. तुटलेला दोरा घरीच गुंडाळून, बारीक कापून टाकावा.

जखमी पक्षी सापडला, तर त्याला सुती कापडाने झाकावं आणि भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावं. पंखात रुतलेला दोरा ओढू नये. तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये. वनखात्याचा क्रमांक १९२६ आणि पशुसंवर्धन विभागाचा १९६२ घरातल्या भिंतीवर लिहून ठेवावा. झाडावर, तारांजवळ मुलांना चढू देऊ नये. मोठ्यांनीच माणूस बोलवावा.

परतीच्या दिवशी मुलाने गच्चीवरून पतंग सोडला. साधा पांढरा कागद, सुती सद्दी. वारा बरा होता. नदीच्या बाजूने एक घार आली, पतंगाच्या वरून गेली आणि थोडं पुढे जाऊन वळली. मुलाने न सांगता दोरा आवरायला घेतला. शेजारच्या गच्चीवरच्या पोराला वाटलं, हा पेचाला भ्याला. तो मोठमोठ्याने हसला. माझ्या मुलाने वर बोट दाखवलं. त्या पोराने वर पाहिलं आणि तोही आपली चकरी फिरवू लागला.